बोर्ड गेला, प्रोसेसर राहिला

बीडमधल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एखाद्या जुन्या दुकानात काउंटरखालचा खण उघडायला सांगा. बहुतेक ठिकाणी प्रोसेसरांनी भरलेला एक डबा निघेल. कोअर टू ड्युओ, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-थ्री, क्वचित एखादा आय-फाइव्ह. जवळजवळ सगळे चालू. त्यातला एक मागितला तर दुकानदार दोन-चारशे रुपयांत देऊन टाकतो, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर चहावरही भागतं. आता त्याच प्रोसेसरला बसणारा मदरबोर्ड मागून बघा. भाव दोन हजारांच्या पुढे जातो, आणि जुना, अस्सल, नावाजलेल्या कंपनीचा बोर्ड हवा म्हणाल तर ‘बघतो, सांगतो’ एवढंच उत्तर मिळतं. हे दोन्ही नवे होते तेव्हा प्रोसेसर महाग होता आणि बोर्ड त्याच्यापुढे स्वस्त.

हा उलटफेर झाला, कारण प्रोसेसर मरत नाहीत आणि बोर्ड मरतात. मशीन बंद पडलं की प्रोसेसर डब्यात जातो आणि बोर्ड भंगारात. वर्षागणिक डबा भरत जातो, बोर्डांचा दुष्काळ वाढत जातो. बाजाराला टिकाऊपणाचं कौतुक नसतं, त्याला दिसतो तो तुटवडा. त्यामुळे जे टिकलं ते मातीमोल झालं आणि जे नाशिवंत होतं त्याला भाव आला.

म्हणून ‘बोर्ड नवा टाकू, प्रोसेसर तोच ठेवू’ असं म्हणणाऱ्या माणसाला निव्वळ चिकट समजणं चूक आहे. दोनशे रुपयांची वस्तू वाचवायला कुणी दोन हजार घालत नाही. तो वाचवत असतो दुसरंच काहीतरी. त्या ‘दुसऱ्या’ गोष्टीला आपल्या कायद्यात, सरकारी खरेदीत आणि कंपन्यांच्या वेळापत्रकात कुठेच जागा नाही, अशी माझी तक्रार आहे.

आधी मरणाचं कारण बघू. एसएमपीएसमधून बोर्डाला बारा व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला लागतो जेमतेम एक व्होल्ट. हा उतार सॉकेटच्या शेजारी दाटीवाटीनं बसवलेले मॉस्फेट, कॉइल आणि कपॅसिटर मिळून घडवतात. सगळा ताण तिथे, सगळी उष्णताही तिथेच. द्रव भरलेल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश, वर पत्रा, कॅबिनेटच्या जाळीत धूळ आणि कधी आसऱ्याला आलेली पाल, अशा जागी तो ठोकताळा काय करतो ते फुगलेल्या कपॅसिटरचं डोकं बघून कळतं. त्यात वीज. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे म्हणून जिल्ह्यात दाब स्थिर असेल असं समजणारा माणूस बाहेरचा. रब्बीत शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावातला दिवा पिवळा पडतो, आणि त्या बंद झाल्या की दाब उसळतो. अर्थिंग नावाला असतं. यूपीएसची बॅटरी संपलेली असते, पण बॉक्स टेबलाखाली असल्यामुळे मालकाला आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहतं. एवढं सगळं बोर्ड अंगावर घेतो आणि प्रोसेसर त्याच्या आडोशाला बसून असतो.

याच जिल्ह्यात बोअरची मोटार जळाली तर शेतकरी नवी मोटार घेत नाही. ती वर काढतो, तालुक्याला नेतो, रिवाइंडिंग करून घेतो आणि दोन दिवसांत परत सोडतो. ‘हे मॉडेल आता बंद झालंय, तार मिळणार नाही’ असं त्याला कुणी सांगत नाही, कारण तांब्याच्या तारेवर कुठल्याच कंपनीचं राज्य नाही. बोर्डाच्या बाबतीतही पहिली पायरी हीच असायला हवी. पाच-दहा रुपयांचे कपॅसिटर, एखादा मॉस्फेट, तासभराचं सोल्डरिंग. पण चिप लेव्हलचं काम जाणणारी पोरं केव्हाच मोबाइलकडे वळली. मोबाइलचा डिस्प्ले बदलला की अर्ध्या तासात पाचशे सुटतात, मग डेस्कटॉपचा बोर्ड घेऊन दुपारभर मीटर लावत कोण बसेल? त्यांना दोष देता येत नाही. मात्र त्यामुळे ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीवरचे उपाय तीनच उरले आहेत. रॅम काढून खोडरबरानं घासणे, सेल बदलणे, आणि तेवढ्यानं नाही जमलं तर ‘बोर्ड गेलाय’ म्हणून सांगणे.

मग येतो नवा बोर्ड. खरं तर नवा-जुना. इंटेलचा एच-६१ हा चिपसेट २०११ चा. तो बनवणं इंटेलनं कधीच थांबवलं. तरी एच-६१ चे, एवढंच काय त्याहून जुन्या जी-४१ चे कोरे बोर्ड आजही खोक्यात घालून विकायला येतात. बनतात चीनमध्ये, त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवरचा मुख्य चिपसेट जुन्या बोर्डांवरून उतरवलेला असतो, आणि इथे ते भारतीय नावांच्या खोक्यांतून मिळतात. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, दिल्लीतलं नेहरू प्लेस, तिथून संभाजीनगर, तिथून बस किंवा कुरिअरनं बीड, असा त्यांचा प्रवास. आकारानं लहान, पातळ पाटी, रॅमच्या दोनच खाचा, प्रोसेसरभोवतीचे वीजघटक मोजके. वॉरंटी वर्षाची, कधी त्याहून जास्त. मालाचा दर्जा बेताचा असतो हे दुकानदारालाही माहीत असतं आणि तो सांगतोही. तरी मला या बोर्डांबद्दल आदर आहे. मूळ कंपनीनं मृत घोषित केलेल्या कोट्यवधी प्रोसेसरांना कुणीतरी अजून जागा देतं आहे. हे काम इंटेलनं करायला हवं होतं. ते चीनमधल्या कुठल्यातरी निनावी कारखान्यानं केलं, आणि आपण त्याला ‘लोकल माल’ म्हणून नाक मुरडतो.

जागा देणं म्हणजे सॉकेट देणं. एलजीए ७७५ हे सॉकेट २००४ चं. त्यानंतर २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१. हे सगळं निव्वळ कंपनीचं कारस्थान आहे असं मी म्हणणार नाही. २००८ नंतर इंटेलनं मेमरीचं नियंत्रण प्रोसेसरच्या आत नेलं. त्यामुळे रॅमची पिढी बदलली की प्रोसेसरचं बाहेरशी असलेलं नातंही बदलणं आलं. जास्त कोअर म्हणजे जास्त वीज, जास्त वीज म्हणजे जास्त संपर्कबिंदू, हेही पटण्यासारखं आहे. पण २०१७ चं उदाहरण या सफाईत बसत नाही. त्या वर्षी आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. सॉकेट तेच ११५१, आकार तोच, मागच्या बोर्डात बसायचेही. चालायचे मात्र नाहीत. वीजपुरवठ्याची मांडणी बदलली आहे, असं कंपनीचं स्पष्टीकरण होतं. पुढे हौशी लोकांनी बायॉसमध्ये फेरफार करून तेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. म्हणजे अडसर सगळाच्या सगळा भौतिक नव्हता, काही भाग निर्णयाचा होता.

निर्णय फिरवता येतात, हे एएमडीच्या गोष्टीवरून दिसलं. २०१६ मध्ये आलेलं त्यांचं एएम-४ सॉकेट बरीच वर्षं टिकलं. २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत, बायॉसच्या चिपमध्ये एवढी जागा नाही. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला. काही दिवसांत कंपनीनं माघार घेतली आणि २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही दार उघडलं. चिपमधली जागा वाढली नव्हती, गिऱ्हाइकांचा दबाव वाढला होता. असा दबाव अमेरिका-युरोपातले गेम खेळणारे आणू शकतात. गेवराईचा डीटीपीवाला किंवा माजलगावचा क्लासवाला कंपनीच्या कानावर काय घालणार? तो कंपनीचा थेट गिऱ्हाईकही नाही. त्याच्याकडचं मशीन मुळात कुठल्यातरी पुण्यातल्या ऑफिसनं टाकून दिलेलं.

तो वाचवत काय असतो, ते बोर्डाच्या पुढच्या बाजूला दिसत नाही. त्यासाठी कॅबिनेट फिरवून मागे बघावं लागतं, जिथे वायरी लागतात तिथे.

ऊसपट्ट्यातला वजनकाटा घ्या. गाडी काट्यावर चढते, वजनाचा आकडा इंडिकेटरवर उमटतो आणि तिथून नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमधून कॉम्प्युटरात येतो. पावती डॉट मॅट्रिक्सवर टरटरत निघते, कारण एकाच वेळी तीन प्रती कार्बननं त्याच यंत्रावर होतात. सॉफ्टवेअर कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेलं, लिहिणारा आता कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. हंगामात गाड्यांची रांग लागलेली असते. रांगेतला बैलगाडीवाला उसाचं मोळीनं मोळी वजन पावतीवर उमटण्याची वाट बघत असतो, त्याची मजुरी त्याच आकड्यावर ठरते. या जागी चकचकीत नवं मशीन आणलं तर सिरियल पोर्टच नसतो. यूएसबीचं कन्व्हर्टर लावता येतं, पण जुनं सॉफ्टवेअर त्याला ओळखेलच असं नाही. एच-६१ चा असा बोर्ड मिळाला की ज्यावर कॉम पोर्ट आहे, तर त्या काट्याचं सगळं जग जसंच्या तसं परत उभं राहतं.

डीटीपीवाल्याचंही तसंच. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, सप्ताहाची हँडबिलं, निवडणुकीतली पत्रकं आणि काही साप्ताहिकं अजून पेजमेकर आणि श्रीलिपीवर चालतात. बरोबर एक हार्डवेअर लॉक असतं, जुन्यांमध्ये पॅरलल पोर्टला लावायचं. ते लॉक नाही तर सॉफ्टवेअर नाही. त्याच्या हार्ड डिस्कवर वीस वर्षांच्या फाइली आहेत आणि त्या युनिकोडमध्ये नाहीत. नव्या मशीनवर उघडल्या तर ‘श्री गणेशाय’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. एकाच घरातल्या तिसऱ्या लग्नाची पत्रिका जुन्या फाइलीत नावं बदलून दहा मिनिटांत होते, हा त्याचा धंदा. नव्या कॉम्प्युटरनं त्याचा वेग वाढत नाही, उलट थांबतो.

प्रोसेसर हा या सगळ्यातला एक नगण्य सोबती. तो राहतो कारण तो राहिला तर विंडोज तीच राहते, विंडोज राहिली तर ड्रायव्हर राहतो, ड्रायव्हर राहिला तर प्रिंटर, लॉक आणि काटा राहतो. माणूस वाचवतो ती ही साखळी. तिच्यात त्याची वर्षानुवर्षांची सवय आणि शिक्षण गुंतलेलं असतं. बॅलन्सशीटमध्ये या गोष्टीला रकाना नाही, म्हणून ‘दोन हजार घालण्यापेक्षा थोडे अजून टाकून नवीनच घ्या’ हा सल्ला देणाऱ्याला तो शहाणपणाचा वाटतो.

इथे एक जुना प्रश्न आडवा येतो, आणि तो मराठवाड्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला ज्या मिलिंद राजाचं नाव आहे, त्याला भिक्खू नागसेनानं रथाबद्दल विचारलं होतं. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडा म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. शेवटी निघालं ते असं की या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ. त्यापलीकडे रथ म्हणून वेगळं काही सापडत नाही. दोन हजार वर्षं तत्त्वज्ञ यावर डोकं चालवत आले. मायक्रोसॉफ्टनं परवान्याच्या नियमात तो प्रश्न एका फटक्यात निकाली काढला. मशीनबरोबर आलेल्या ओईएम विंडोजच्या दृष्टीनं मदरबोर्ड म्हणजेच कॉम्प्युटर. रॅम बदला, डिस्क बदला, प्रोसेसर बदला, कॉम्प्युटर तोच. बोर्ड बदलला की तो नवा कॉम्प्युटर, जुना परवाना संपला. बोर्ड बिघडल्यामुळे बदलला असेल तर मात्र सवलत आहे. माझं मत नागसेनाच्या बाजूनं आहे. वजनकाट्याचा कॉम्प्युटर म्हणजे काट्याची पावती काढणारी जुळणी, ती बिघडली की काटा बंद. नऊ पिनांच्या पोर्टाला कंपनीच्या व्याख्येत स्थान नाही, पण रांगेतल्या गाडीवानाच्या व्याख्येत आहे.

आता या युक्तिवादाला माझाच एक विरोध. आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससीचा कॉम्प्युटर मी त्यात बसवणार नाही. पीकविम्याच्या ज्या सूत्राला ‘बीड पॅटर्न’ म्हणतात ते २०२० च्या खरिपात याच जिल्ह्यातून सुरू झालं, आणि जुलैअखेर विम्याचे अर्ज भरायला या केंद्रांवर उडणारी झुंबड ज्यानं पाहिली आहे त्याला त्या एका मशीनवर किती काही टांगलेलं असतं ते ठाऊक आहे. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, अंगठा, सगळं त्यातून जातं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलच्या बाजूनं साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीखाली कितीही नवा एच-६१ टाकला तरी ही अट पुरी होत नाही. केंद्रचालक इथे दोन हजारांत भागवतो तेव्हा पैसे त्याचे वाचतात, पण धोका समोर रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खात्याला असतो. स्वतःच्या जिवावर केलेली काटकसर वेगळी आणि दुसऱ्याच्या जिवावर केलेली वेगळी. या जागी एखाद्या ऑफिसमधून निघालेलं आठव्या-नवव्या पिढीचं वापरलेलं मशीन घ्यावं, नाहीतर लिनक्सकडे वळावं. लिनक्स सोपं आहे असा भाबडा दावा मी करत नाही. केरळनं सरकारी शाळांमध्ये ते रुजवलं, पण त्यामागे शिक्षकांचं वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण होतं. आपल्याकडे अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर नीट बसवून देणारा माणूस मिळणं हीच पहिली अडचण.

वजनकाटा आणि डीटीपी मात्र इंटरनेटपासून तोडून खुशाल चालवावेत. तिथे मुदत संपल्याची भीती घालून कुणी नवं मशीन गळ्यात मारत असेल तर ते ऐकू नये.

यात सरकार कुठे आहे? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकावर जबाबदारी टाकली, हे चांगलं झालं. पण त्या जबाबदारीचा हिशेब मुख्यतः पुनर्चक्रणाच्या प्रमाणपत्रांनी होतो, आणि प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड यांच्या वजनावर. नूतनीकरणाची तरतूद आहे, ती नोंदणीकृत उद्योगासाठी. केजमधल्या एका टेबलाच्या दुकानात दहा मशीन जिवंत केली तर त्या कागदावर काहीच घडलेलं नसतं. दहाही फोडून वितळवली तर आकडा उमटतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्रानं २०२२ मध्ये समिती नेमली. तिनं शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती वस्तू आणि वाहनं ही क्षेत्रं धरली. दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाची सुरुवातही फोन आणि टॅबलेटपासून करावी, असं सुचवलं गेलं. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ पासून लॅपटॉपलाही आहे. साधा डेस्कटॉप कुणाच्याच डोळ्यांसमोर नाही, कदाचित तो दुरुस्त करता येतोच असं सगळ्यांनी गृहीत धरलं म्हणून.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ च्या सुमारास मांडलेला एक हिशेब दुष्काळी जिल्ह्यात बसून वाचण्यासारखा आहे. मॉनिटरसह एक डेस्कटॉप बनवायला सुमारे २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी. हे जुन्या काचेच्या मॉनिटरच्या काळातले आकडे, आज ते बदललेले असतील. तरी तेवढं पाणी ज्यावर खर्च झालं ते मशीन कपॅसिटरपायी टाकून देताना टँकरची वाट बघणाऱ्या गावाला दोनदा विचार करावासा वाटला, तर तो मागासलेपणा नव्हे.

दिल्लीनं काय करावं ते दिल्ली ठरवेल. जिल्ह्याच्या हातात मात्र एक गोष्ट आजच आहे. तहसील, पंचायत समित्या, जिल्हा परिषद, शाळांच्या प्रयोगशाळा यांतून दरवर्षी कॉम्प्युटर निर्लेखित होतात आणि भंगाराच्या लिलावात ढिगानं जातात. त्या ढिगात प्रोसेसर चालू असतातच, काही बोर्डही चालू असतात. मशीन बाद होतं ते मुदत संपली म्हणून, मेलं म्हणून नव्हे. बोली लावणारा बोर्डाकडे तांबं-सोनं म्हणून बघतो. लिलावाआधी हे ढीग आयटीआयच्या पोरांपुढे ठेवावेत. त्यांनी प्रत्येक बोर्ड तपासावा, कपॅसिटर बदलायचे तर बदलावेत, चालू बोर्ड सॉकेटप्रमाणे वेगळे लावावेत आणि ते सरकारी शाळांना फुकट, बाकीच्यांना माफक दरात द्यावेत. पोरांच्या हाताला चिप लेव्हलचं काम लागेल. बाजारात अस्सल एच-६१ आणि एच-८१ दिसू लागले तर खोक्यातल्या पातळ पाट्यांचा भावही जागेवर येईल. सॉकेटमधल्या पिना वाकू नयेत म्हणून प्रत्येक बोर्डावर प्लास्टिकचं टोपण तेवढं लावावं लागेल, नाहीतर अर्धे बोर्ड गाडीतच मरतील. कार्यालयं यावर गोपनीय माहितीचा मुद्दा काढतील. तो रास्त आहे, पण माहिती बोर्डावर नसते. ती हार्ड डिस्कवर असते, आणि हार्ड डिस्क चार स्क्रू काढले की हातात येते.